तहज्जुदची नमाज : रात्रीच्या ऐच्छिक उपासनेची पद्धती आणि तीमधील संयमाचा विचार
(विशेष संदर्भ : खर्डा परिसर)

गोषवारा

इस्लाम धर्मात दिवसातून पाच वेळा करावयाची नमाज अनिवार्य आहे. यांखेरीज रात्री झोपेतून उठून स्वेच्छेने अदा करावयाच्या नमाजेस 'तहज्जुद' असे म्हणतात. ही उपासना एकांतात व अजान न देता केली जाते. त्यामुळे मुस्लिमेतर समाजास ती अपरिचित राहिली आहे, तर मुस्लिम तरुणांमध्येही तिच्याविषयी काही संभ्रम आढळतात. प्रस्तुत लेखात तहज्जुदची संकल्पना, वेळ, पद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. या उपासनेचे जवळजवळ सर्व नियम तिची ऐच्छिकता जपण्यासाठी आणि शरीर, कुटुंब व दिवसाची कर्तव्ये यांचा हक्क राखण्यासाठी आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : तहज्जुद, कियामुल्लैल, नफ्ल, रकअत, वित्र, सुब्ह सादिक, खर्डा.

1. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे या गावाचे नाव कायमचे नोंदले गेले. निजामाच्या सेवेतील सुलतानजी निंबाळकर यांनी अठराव्या शतकात बांधलेला येथील भुईकोट किल्ला आजही उभा असून त्याच्या तटबंदीच्या आत मशिदीची वास्तू आहे. मराठा सरदाराने बांधलेल्या किल्ल्यातील मशीद ही दख्खनच्या संमिश्र जीवनाची एक बोलकी खूण होय. तथापि शेजारी राहणाऱ्या माणसाच्या उपासनेविषयीचे आपले ज्ञान बहुधा तिच्या दृश्य व श्राव्य अंगांपुरते मर्यादित राहते. अजान ऐकू येते, शुक्रवारची गर्दी दिसते, ईदगाहावरील ईदची सामुदायिक नमाज दिसते. परंतु ज्या उपासनेला अजान नाही, जमाव नाही आणि साक्षीदारही नाही, तिचा परिचय होण्यास मार्गच उरत नाही. तहज्जुद ही अशीच एक उपासना आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा विषय केवळ माहितीचा नाही. वसतिगृहात पहाटे तीन वाजता उठणारा विद्यार्थी, वर्गात पेंगणारा विद्यार्थी आणि आपल्या धर्माचरणाविषयी अपराधभाव बाळगणारा विद्यार्थी हे तिघेही अध्यापकांना भेटत असतात. त्यांच्याशी बोलताना त्यांच्या परंपरेत या विषयाची नेमकी भूमिका काय आहे, हे माहीत असणे उपयुक्त ठरते.

2. लेखाची उद्दिष्टे

1) तहज्जुदचा अर्थ व तिचा मूलाधार स्पष्ट करणे.
2) तहज्जुदची वेळ काढण्याची रीत खर्डा परिसराच्या उदाहरणाने समजावून देणे.
3) नमाज अदा करण्याची पद्धती क्रमाने मांडणे.
4) या उपासनेतील सवलती व मर्यादा यांचा अन्वयार्थ लावणे.

3. अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कुरआन, हदीस (पैगंबर मुहंमद यांची वचने व आचरण यांच्या नोंदी) आणि हनफी व शाफिई या दोन विधिपरंपरा यांचा आधार घेतला आहे. महाराष्ट्राच्या पठारावरील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी परंपरा पाळतात, तर कोकणी मुस्लिमांमध्ये शाफिई परंपरा प्रचलित आहे. म्हणून जेथे मतभेद आहे तेथे दोहोंचा निर्देश केला आहे.

4. संकल्पना : तहज्जुद, कियामुल्लैल आणि तरावीह

इस्लामी विधिशास्त्रात उपासनेच्या श्रेणी मानल्या जातात. 'फर्ज' म्हणजे अनिवार्य, 'वाजिब' म्हणजे फर्जच्या खालोखाल आवश्यक, 'सुन्नत' म्हणजे पैगंबरांच्या आचरणातून आलेले आणि 'नफ्ल' म्हणजे ऐच्छिक. फज्र, जुहर, असर, मगरिब आणि इशा या पाच नमाजांचा फर्ज भाग चुकविणे हा दोष मानला जातो. तहज्जुदचे तसे नाही. ती केल्यास पुण्य आहे, न केल्यास दोष नाही.

'तहज्जुद' या अरबी शब्दाच्या मूळ धातूचा संबंध झोपेशी आहे. तहज्जुद म्हणजे झोप बाजूला सारणे. यावरून, इशानंतर काही काळ झोप घेऊन मग उठून केलेली नमाज ती तहज्जुद, असे अनेक विद्वान मानतात. 'कियामुल्लैल' म्हणजे रात्री उभे राहणे. ही व्यापक संज्ञा असून रात्रीच्या सर्व ऐच्छिक उपासनेचा तीत समावेश होतो. न झोपता केलेली रात्रीची नफ्ल नमाजही कियामुल्लैल ठरते.

'तरावीह' ही रमजान महिन्यात इशानंतर, बहुधा मशिदीत व सामुदायिकरीत्या अदा केली जाणारी नमाज आहे. हनफी परंपरेत तिच्या 20 रकअती असतात. तहज्जुद मात्र वर्षातील कोणत्याही रात्री, बहुधा घरी व एकट्याने केली जाते. लोकांना बोलावून तहज्जुद सामुदायिकरीत्या करणे हनफी परंपरेस पसंत नाही. बोलावणे आले की ऐच्छिकतेवर दडपण येते आणि एकांताचा भंग होतो, हे लक्षात घेतल्यास या भूमिकेचे मर्म कळते.

5. मूलाधार आणि त्याचा ऐतिहासिक क्रम

कुरआनच्या 17 व्या सूरहमधील 79 व्या आयतीत तहज्जुदचा निर्देश असून तेथे तिला 'नफ्ल', म्हणजे अधिकची उपासना, म्हटले आहे. 32 व्या सूरहमधील 16 व्या आयतीत अंथरुणापासून दूर होऊन भय व आशेने ईश्वराला आळविणाऱ्या भक्तांचे वर्णन आहे. 51 व्या सूरहमधील 17 व 18 या आयतींत रात्री थोडे झोपून उत्तररात्री क्षमायाचना करणाऱ्यांची प्रशंसा आहे.

या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे ती 73 वी सूरह, 'अल्-मुज्जम्मिल'. तिच्या आरंभी रात्रीचा बराच भाग, म्हणजे सुमारे अर्धा किंवा त्याहून थोडा कमी-अधिक, उभे राहून उपासनेत घालविण्याचा आदेश आहे. दिवसा माणूस अनेक कामांत गुंतलेला असतो, तर रात्रीचे उठणे मनावर अधिक ठसा उमटविते आणि पठणही अधिक नेमके होते, असे त्याचे कारणही दिले आहे. पैगंबरपत्नी आयेशा यांच्या कथनानुसार आरंभीच्या काळात ही उपासना बंधनकारक होती आणि सुमारे एक वर्ष पैगंबर व त्यांचे सहकारी ती पाळत राहिले. त्यांचे पाय सुजत असत. त्यानंतर याच सूरहची शेवटची, म्हणजे 20 वी आयत अवतरली आणि बंधन सैल होऊन उपासना ऐच्छिक झाली.

या सवलतीची कारणे त्याच आयतीत नोंदविली आहेत. तुमच्यापैकी काही आजारी असतील, काही उपजीविकेच्या शोधात प्रवास करीत असतील, काही लढाईत गुंतलेले असतील, म्हणून जेवढे सहज शक्य तेवढेच पठण करा, असा तिचा आशय आहे. जामखेड तालुक्याच्या दृष्टीने यातील दुसरे कारण विशेष लक्षणीय ठरते. या अवर्षणप्रवण पट्ट्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. कोयता घेऊन पहाटेच फडात उतरणाऱ्या, रात्री-अपरात्री ट्रक भरणाऱ्या मजुराला शांत मध्यरात्र मिळतेच असे नाही. पोटासाठी वाट चालणाऱ्याचे कष्ट लक्षात घेऊन ही सवलत मूळ ग्रंथातच दिलेली आहे. तहज्जुद न करणारा श्रमिक धर्मात कमी पडतो, अशी समजूत या आयतीसमोर टिकत नाही.

6. वेळेचा निर्णय

तहज्जुदची वेळ इशाच्या नमाजेनंतर सुरू होते आणि 'सुब्ह सादिक', म्हणजे खरी पहाट होताच संपते. पहाटेपूर्वी काही वेळा पूर्वेस उभ्या पट्ट्यासारखा फिकट प्रकाश दिसतो. त्यास 'सुब्ह काजिब', म्हणजे फसवी पहाट म्हणतात. खगोलशास्त्रात त्याचा संबंध राशिचक्रीय प्रकाशाशी जोडला जातो. यानंतर क्षितिजाला समांतर पसरत जाणारा प्रकाश म्हणजे खरी पहाट होय. तेथे तहज्जुद संपते व फज्रची वेळ सुरू होते.

रात्रीचा शेवटचा तृतीयांश भाग सर्वश्रेष्ठ मानला जातो. या प्रहरी ईश्वराची कृपा भक्ताच्या विशेष निकट असते व याचना स्वीकारली जाते, असे हदीसमध्ये सांगितले आहे. हा भाग काढण्यासाठी सूर्यास्तापासून सुब्ह सादिकपर्यंतचा कालावधी मोजून त्यास तीनने भागावे आणि येणारा काळ सुब्ह सादिकच्या वेळेतून वजा करावा.

खर्डा परिसरात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्यास्त सायंकाळी सुमारे 6 वाजता आणि सुब्ह सादिक पहाटे सुमारे 5.40 वाजता होते. म्हणजे रात्र 11 तास 40 मिनिटांची. तिचा तृतीयांश सुमारे 3 तास 53 मिनिटे येतो. यावरून शेवटचा तृतीयांश रात्री सुमारे 1.47 वाजता सुरू होतो. जूनच्या उत्तरार्धात सूर्यास्त सुमारे 7.07 वाजता व सुब्ह सादिक सुमारे 4.30 वाजता असते. तेव्हा रात्र 9 तास 23 मिनिटांची व तृतीयांश सुमारे 3 तास 8 मिनिटांचा होऊन आरंभ सुमारे 1.22 वाजता येतो. हे आकडे रीत समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात स्थानिक मशिदीचे वेळापत्रक पाहावे. शेवटचा तृतीयांश श्रेष्ठ असला तरी तो पूर्ण जागून काढणे अपेक्षित नाही. पहाटेपूर्वी अर्धा तास उठणाऱ्यालाही हा समय लाभतो.

मराठी वाचकास येथे ब्राह्ममुहूर्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. प्रचलित गणनेनुसार ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी 96 मिनिटे सुरू होतो. डिसेंबरात खर्डा येथे तो सुमारे 5.20 वाजता येईल. म्हणजे तहज्जुदचा शेवट आणि ब्राह्ममुहूर्ताचा आरंभ एकमेकांना स्पर्श करतात. कार्तिकात गावोगावी होणारा काकडाही याच सुमाराचा. मात्र काकडा टाळ-मृदंगाच्या गजरात व सर्वांनी मिळून होतो, तर तहज्जुद एकट्याने व निःशब्दप्राय वातावरणात होते. वेळ जवळची असली तरी दोन्ही उपासनांची प्रकृती भिन्न आहे.

7. प्रत्यक्ष पद्धती

7.1 पूर्वतयारी : रात्री लवकर झोपावे आणि झोपताना उठण्याचा संकल्प मनात असावा. उठल्यावर दात स्वच्छ करून वुजू करावा, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा व कोपरापर्यंत हात धुऊन, ओल्या हाताने डोके पुसून, पाय घोट्यापर्यंत धुवावेत. अंगावरील वस्त्रे व जागा स्वच्छ असावी. तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेस असावे. महाराष्ट्रातून ही दिशा सर्वसाधारणपणे पश्चिमेकडे येते.

7.2 नियत : नियत म्हणजे मनातील हेतू. तहज्जुदच्या दोन रकअती नफ्ल अदा करीत आहे, एवढी जाणीव पुरेशी असते. ती तोंडाने उच्चारणे आवश्यक नाही.

7.3 रकअतीची रचना : आरंभी ईश्वराच्या महानतेचा उच्चार (तकबीर) करून हात बांधावेत. स्तुतिपर पठणानंतर कुरआनची पहिली सूरह 'अल्-फातिहा' व तिला जोडून दुसरी एखादी सूरह किंवा काही आयती म्हणाव्यात. नंतर कमरेतून वाकून रुकू करावा, पुन्हा सरळ उभे राहावे आणि कपाळ जमिनीस टेकवून दोन सजदे करावेत. येथे एक रकअत पूर्ण होते. दुसरी रकअत अशीच करून तिच्या शेवटी बसून तशह्हुद, दरूद व दुआ म्हणावी आणि उजवीकडे व डावीकडे सलाम फेरून नमाज पूर्ण करावी. पहिल्या दोन रकअती थोडक्यात कराव्यात व पुढच्या दीर्घ, अशी शिफारस आहे. झोपेतून उठलेल्या शरीरास क्रमाने सिद्ध करण्याचा हेतू तीत दिसतो.

7.4 रकअतींची संख्या : किमान दोन रकअती पुरेशा आहेत. रात्रीची नमाज दोन-दोन रकअतींची असल्याचे हदीसमध्ये सांगितले आहे. शाफिई परंपरेत दोन-दोन रकअतींनंतर सलाम फेरणे श्रेष्ठ मानतात. हनफी परंपरेत एका सलामात चार रकअतीही चालतात. आयेशा यांच्या कथनानुसार पैगंबर वित्रसह बहुधा 11 रकअती अदा करीत. सामान्यतः दोन ते आठ रकअती करण्याचा प्रघात आहे.

7.5 वित्रची जोड : 'वित्र' म्हणजे विषम. ही रात्रीची समारोपाची नमाज आहे. हनफी परंपरेत ती वाजिब असून तीन रकअतींची असते. शाफिई परंपरेत ती सुन्नत असून एका रकअतीपासून पुढे विषम संख्येत करता येते. उठण्याची खात्री असल्यास वित्र तहज्जुदनंतर करावी, खात्री नसल्यास झोपण्यापूर्वीच करावी. झोपण्यापूर्वी वित्र केली असेल आणि नंतर जाग आली, तर तहज्जुद खुशाल करावी. मात्र वित्र पुन्हा करू नये, कारण एका रात्री दोन वित्र नाहीत.

7.6 आवाज आणि दुआ : पठण मध्यम आवाजात करावे. अबू बकर रात्री फार हळू आणि उमर फार मोठ्याने पठण करीत. तेव्हा पैगंबरांनी पहिल्यास आवाज थोडा चढविण्यास व दुसऱ्यास थोडा उतरविण्यास सांगितले, अशी नोंद आहे. जवळ कोणी झोपले असल्यास त्याच्या झोपेचा मान राखावा. सलामनंतर क्षमायाचना व प्रार्थना करावी. नमाजेतील पठण अरबीत असले तरी ही प्रार्थना स्वतःच्या भाषेत करता येते. खर्ड्याचा उपासक ती दखनीत किंवा मराठीतही करू शकतो.

8. मर्यादा आणि सवलती

तहज्जुदविषयीच्या परंपरेत प्रोत्साहनाइतकेच महत्त्व आवर घालण्यालाही आहे. या संदर्भात तीन प्रसंग विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग सलमान फारसी व अबू दर्दा यांचा आहे. अबू दर्दा दिवसा उपवास व रात्री जागरण करीत आणि त्यामुळे त्यांची पत्नी उपेक्षित राहिली होती. सलमान त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आले. अबू दर्दा रात्री लवकरच नमाजेस उठू लागले, तेव्हा सलमान यांनी त्यांना पुन्हा झोपविले आणि रात्रीच्या अखेरीस दोघांनी मिळून नमाज अदा केली. ईश्वराचा, स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचा प्रत्येकाचा तुमच्यावर हक्क आहे, असे सलमान यांनी बजावले. पैगंबरांनी त्यांचे म्हणणे मान्य केले.

दुसरा प्रसंग दोरीचा आहे. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये बांधलेली दोरी पैगंबरांनी पाहिली. पत्नी जैनब नमाजेत थकल्यावर तिचा आधार घेतात, असे कळल्यावर त्यांनी ती सोडावयास सांगितली. उत्साह असेपर्यंत नमाज करावी व थकल्यावर बसावे, असा त्यांचा निर्णय होता. याच आशयाची आणखी एक सूचना आहे. नमाजेत डुलकी येऊ लागल्यास झोपावे, कारण झोपेच्या अमलात माणूस क्षमा मागण्याऐवजी स्वतःस भलतेच बोलून बसेल.

तिसरा प्रसंग दुसरे खलिफा उमर यांच्या काळातील आहे. एक गृहस्थ फज्रच्या सामुदायिक नमाजेस दिसले नाहीत. ते रात्रभर नमाजेत उभे होते आणि पहाटे त्यांना झोप लागली, असे त्यांच्या आईने सांगितले. तेव्हा रात्रभर उभे राहण्यापेक्षा फज्रच्या जमातीस हजर राहणे आपणास अधिक प्रिय आहे, असे उमर म्हणाले. ऐच्छिक उपासनेने अनिवार्य कर्तव्याची हानी होता कामा नये, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

याशिवाय अन्य सवलतीही आहेत. नफ्ल नमाज बसून करता येते. आजारपणामुळे किंवा झोपेमुळे रात्रीची नमाज राहिल्यास पैगंबर दिवसा 12 रकअती अदा करीत. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांना सर्वच नमाजांतून सूट असते. उठण्याचा संकल्प करून झोपलेल्या माणसास जाग आली नाही, तरी संकल्पाचे पुण्य त्यास मिळते आणि ती झोप त्यास ईश्वराचे दान ठरते, असे हदीस सांगते. सातत्याने केलेले थोडे कर्म ईश्वरास अधिक प्रिय असते, ही शिकवण या सर्वांचे सार म्हणता येईल.

9. शैक्षणिक संदर्भातील अन्वयार्थ

परीक्षेच्या काळात काही विद्यार्थी रात्रभर जागून उपासना करतात व दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेसमोर थकून बसतात. अशा विद्यार्थ्यास उपासनेपासून परावृत्त करण्याचे कारण नाही. त्याच्याच परंपरेतील सलमान व अबू दर्दा यांचा प्रसंग त्यास सांगता येईल. लवकर झोपून पहाटेपूर्वी दोन रकअतींसाठी उठणारा विद्यार्थी परंपरेच्या अधिक जवळ असतो. जो उठू शकत नाही, त्याच्या मनातील अपराधभाव संकल्पाविषयीच्या हदीसने हलका होऊ शकतो.

वसतिगृहातील सहनिवासाच्या प्रश्नालाही या परंपरेत उत्तर आहे. खोलीतील सोबत्याची झोप न मोडता, मंद आवाजात नमाज करणे हा उपासनेचाच शिष्टाचार आहे. दुसरीकडे, रात्री शांतपणे उठून वुजू करणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहण्याऐवजी काकड्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याइतक्याच सहजतेने पाहणे, ही सोबत्यांची व अधीक्षकांची जबाबदारी ठरते.

10. निष्कर्ष

1) तहज्जुद ही नफ्ल उपासना असून ती न करणाऱ्यास दोष लागत नाही.
2) तिची वेळ इशानंतर सुब्ह सादिकपर्यंत असते व रात्रीचा शेवटचा तृतीयांश श्रेष्ठ मानला जातो.
3) दोन रकअतींपासून ती करता येते. वित्र व रकअतींच्या रचनेबाबत हनफी व शाफिई परंपरांत भेद असला तरी गाभा समान आहे.
4) आजारी, प्रवासी व श्रमिक यांच्यासाठीची सवलत कुरआनमध्येच नमूद आहे.
5) देह, कुटुंब, शेजारी व दिवसाची कर्तव्ये यांची हानी करणारे जागरण परंपरेस मान्य नाही.

पैगंबरकाळी सुमारे वर्षभर बंधनकारक असलेली उपासना ऐच्छिक झाल्यानंतरही चौदा शतके टिकून राहिली, ही बाब विचार करण्याजोगी आहे. सक्ती उठल्यावर तिचा लोप झाला नाही. ज्यास जेवढे झेपेल तेवढे करण्याची मुभा मिळाल्याने ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. खर्ड्यासारख्या गावात कोणाच्या घरी ती होते आणि कोणाच्या होत नाही, हे शेजाऱ्यास कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. ज्या विद्यार्थ्यांच्या जीवनात या उपासनेस स्थान आहे, त्यांच्याशी सहृदय व माहितीपूर्ण संवाद साधणे मात्र अध्यापकास शक्य आहे आणि बहुधर्मीय वर्गात ते त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.